सणासुदीची ऑनलाइन खरेदी: ‘ओटीपी देऊ नका’ याच्या पुढचं काही सांगा

कोरी_पाटी

घरातल्या चार-पाच जणांची खरेदी, भेटवस्तू, प्रवासाची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग असं सगळं या दिवसांत एकदम चालू असतं. ‘ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका’ हे घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण तेवढ्याने भागत नाही. या दिवसांत पार्सल खरोखरच यायचं असतं आणि कुरिअरचे खरे मेसेजही अनोळखी नंबरावरूनच येतात. म्हणून नेमकं विचारते:

१. पार्सलचा मेसेज खरा की खोटा, हे कसं ठरवायचं?
२. जाहिरातीत दिसलेलं नवं दुकान पैसे भरण्याआधी पाच-दहा मिनिटांत कसं तपासायचं?
३. पैसे कशाने भरले तर परत मिळण्याची शक्यता जास्त?
४. फसलोच, तर पहिल्या तासात काय आणि कुठल्या क्रमाने?

घरातल्या ज्येष्ठांनाही जमेल असं सांगितलंत तर फार बरं होईल.

दुवा_साधक

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. मेसेजकडे बघून तो खरा की खोटा हे ठरवायला जाऊच नका. शुद्धलेखनाच्या चुका, मोडकीतोडकी भाषा या जुन्या खुणा आता चालत नाहीत. खोटे मेसेज अगदी नेटके लिहिलेले असतात. पाठवणाऱ्याचं नाव हाही पुरावा नाही. पुष्कळ ठिकाणी एसएमएस पाठवताना नावाच्या जागी हवं ते टाकता येतं, आणि नाव जुळलं की फोन तो मेसेज बँकेच्या किंवा कुरिअरच्या जुन्या, खऱ्या मेसेजांच्या खालीच नेऊन दाखवतो. वरचे सगळे मेसेज खरे, म्हणून हाही खरा असं वाटतं आणि माणूस तिथेच फसतो.

त्यापेक्षा मेसेज बंद करा आणि ज्या दुकानातून वस्तू मागवली त्याचं ॲप स्वतः उघडा. ऑर्डरमध्ये ट्रॅकिंग क्रमांक असतो. तो घेऊन कुरिअरच्या वेबसाइटचा पत्ता हाताने टाइप करा आणि तिथे पाहा. पत्ता खरोखर अपुरा असेल किंवा काही शुल्क देणं असेल, तर ते तिथेही दिसतं. तिथे काही नसेल तर विषय संपला. दुसऱ्या कुणी भेट पाठवली असेल आणि आपल्याकडे ऑर्डरच नसेल, तर ट्रॅकिंग क्रमांक पाठवणाऱ्याकडे असतो, त्यालाच विचारा.

आता हा सापळा आतून कसा चालतो ते नीट बघा, कारण ‘एवढ्याशा रकमेने काय बिघडणार’ हा विचारच त्यात सगळ्यांत महाग पडतो. मेसेज म्हणतो: पत्ता अपुरा आहे, पार्सल परत जाईल, पुन्हा पाठवण्यासाठी किरकोळ शुल्क भरा. पान हुबेहूब कुरिअरचं दिसतं. तुम्ही कार्डाचा क्रमांक टाकता. त्याच वेळी पलीकडे बसलेला माणूस तो क्रमांक स्वतःच्या फोनमधल्या ॲपल पे किंवा गूगल वॉलेटमध्ये (फोनच कार्डासारखा वापरू देणारी ॲप) भरत असतो. बँक खात्री करून घ्यायला तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवते. पानावर ओटीपीची चौकट येते, तुम्हाला वाटतं तो त्या किरकोळ शुल्काचाच आहे, आणि तुम्ही तो टाकता. झालं, तुमचं कार्ड आता त्याच्या फोनमध्ये बसलं. यापुढे तो दुकानात फोन टेकवून खरेदी करतो आणि त्यासाठी तुम्हाला पुन्हा ओटीपी येत नाही. कधी कधी ही खरेदी काही दिवस थांबून केली जाते, त्यामुळे पार्सलच्या मेसेजशी तिचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही.

यातून दोन सवयी लावून घ्या. एक: ओटीपीचा मेसेज उघडून पूर्ण वाचा. तो कशासाठी आहे, किती रकमेचा आहे, कोणाला जातोय हे त्यात बहुधा लिहिलेलं असतं. ‘कार्ड वॉलेटमध्ये जोडण्यासाठी’ किंवा ‘नवीन उपकरण नोंदवण्यासाठी’ असं लिहिलं असेल आणि तुम्ही साधं शुल्क भरत असाल, तर तिथेच थांबा. कीबोर्डच्या वर आपोआप येणारा आकडा एका बोटाने भरता येतो खरा, पण त्यात मेसेज वाचायचाच राहून जातो. घरातल्या ज्येष्ठांना ही एकच गोष्ट शिकवायची असेल तर हीच शिकवा. दोन: अशी काही पानं तुम्ही टाइप करता करताच अक्षरं पलीकडे पोचवत असतात. त्यामुळे क्रमांक भरला पण शेवटचं बटण दाबलं नाही, म्हणून सुटलो असं समजू नका. कार्ड बंद करून नवीन घ्या.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक. अनोळखी माणसाच्या आयमेसेजमधली लिंक दाबली तरी उघडत नाही, म्हणून हे लोक ‘उत्तरात इंग्रजी वाय हे अक्षर पाठवा, मग मेसेज पुन्हा उघडून लिंक दाबा’ असं लिहितात. तुम्ही उत्तर दिलंत की तो संवाद ओळखीच्यात धरला जातो आणि लिंक चालू होते. अशी सूचना असलेला मेसेज थेट उडवा.

साधी_रेघ

दुसरा प्रश्न माझ्याकडे. दहा मिनिटं भरपूर आहेत, पण सुरुवात साइटच्या पत्त्यापासून करा.

‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे पहिली एकटी तिरपी रेघ येते. तिथे थांबा आणि उलटं, मागच्या दिशेने वाचा. शेवटचे दोन तुकडे हा खरा मालक. ‘मोठंदुकान डॉट सेल-ऑफर डॉट शॉप’ असा पत्ता असेल, तर साइट ‘सेल-ऑफर डॉट शॉप’ या मालकाची आहे. त्याच्या आधी तो कुणाचंही नाव लावू शकतो. शेवट ‘को डॉट यूके’सारखा जोडनावाचा असेल तर तीन तुकडे धरा. फोनवर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण उघडून बघा.

कुलपाच्या चिन्हावर आजही फार लोक विसंबतात. तुमच्या आणि त्या साइटच्या मधला मजकूर कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते चिन्ह सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसतंच, कारण त्यामागचं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. हा गैरसमज इतका पक्का झाला होता की क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप काढूनच टाकलं.

मग साइटचं वय बघा. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर साइटचं नाव टाकलं की बहुतेक नावांची नोंदणी कधी झाली ते कळतं. ‘अनेक वर्षांचा विश्वास’ असं लिहिणारी साइट तीन आठवड्यांपूर्वी जन्मली असेल, तर पुढे काही बघायची गरज नाही. उलटं मात्र धरू नका. कुणीतरी सोडून दिलेली जुनी नावं विकत घेऊन त्यावर नकली दुकानं मांडली जातात, त्यामुळे तारीख जुनी असली तरी बाकीची तपासणी करायचीच.

‘आमच्याविषयी’ किंवा परताव्याच्या अटींमधलं एखादं लांब वाक्य उचला, अवतरणचिन्हांत घालून शोधा. तेच वाक्य निरनिराळ्या नावांच्या पाच-पंचवीस दुकानांत सापडलं तर ती दुकानं एकाच साच्यातली आहेत. वस्तूचा फोटो गूगल लेन्सने (फोटोवरून शोधायची सोय) शोधला की तो मुळात कुणाचा आहे तेही कळतं. परताव्याच्या अटी वाचताना एकच बघा: माल परत कुठे पाठवायचा आणि कुणाच्या खर्चाने? पत्ता दिलेलाच नसेल, किंवा परदेशात स्वखर्चाने पाठवायला सांगत असतील, तर परतावा कागदावरच राहणार.

दुकानाच्या स्वतःच्या साइटवरच्या पंचतारांकित प्रतिक्रिया वाचण्यात वेळ घालवू नका. बाहेरच्या ठिकाणच्या प्रतिक्रिया तारखेनुसार लावा आणि दोन-तीन तारे देणाऱ्यांचं म्हणणं वाचा. काय चुकलं हे तेच लोक तपशिलात लिहितात.

माझा स्वतःचा एक निकष आहे, तो कुठल्या यादीत फारसा दिसत नाही. ‘दुकान बंद करतोय, शेवटचा माल, ८० टक्के सूट’ असं लिहिलेलं असतं आणि प्रत्येक रंग, प्रत्येक माप शिल्लक दाखवतात. खऱ्या उरल्यासुरल्या मालात मधली मापं आधी संपतात. सगळंच शिल्लक दिसतंय, तर बहुतेक वेळा मागे माल नसतोच, फक्त पान असतं.

शेवटची खूण पैसे भरताना दिसते. ‘व्यवहार झाला नाही, दुसरं कार्ड वापरून बघा’ असं पान पुन्हा पुन्हा म्हणायला लागलं, तर ते कार्डं गोळा करतंय. दुसरं कार्ड काढू नका. पहिलं तर त्यांच्याकडे पोचलेलं आहेच, ते लगेच बंद करा.

दुवा_साधक

साधी_रेघ, यात एक भर घालतो. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारं ॲप, हा नेहमीच्या दुकानांच्या बाबतीत फार चांगला राखणदार आहे. तो पासवर्ड साइटच्या नेमक्या पत्त्याशी बांधून ठेवतो. पान कितीही हुबेहूब असू दे, पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असलं की तो पासवर्ड भरायला पुढे येत नाही. अशा वेळी लोक वैतागून पासवर्ड हाताने टाकतात, तसं मुळीच करू नका. जिथे पासकीची (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा पिनने लॉगिन करण्याची) सोय आहे तिथे ती चालू करा. पासकी चुकीच्या पत्त्यावर चालतच नाही आणि ती कुणाला फोनवर सांगताही येत नाही.

आणि ग्राहकसेवेचा नंबर सर्च इंजिनमध्ये शोधून कधीही लावू नका. तिथे वरच दिसणारे नंबर जाहिरात देऊन किंवा नकाशावरची माहिती बदलून घुसवलेले असू शकतात. नंबर ॲपमधून, पावतीवरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा.

पावती_जपा

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे: क्रेडिट कार्ड पहिलं, शक्य असेल तर त्याचंच आभासी कार्ड (बँकेच्या ॲपमध्ये मिळणारा, फक्त ऑनलाइन वापरायचा वेगळा कार्ड क्रमांक), एका दुकानापुरतं आणि मर्यादा लावलेलं. कारण साधं आहे. वाद झाला तर अडकलेले पैसे बँकेचे असतात, तुमच्या खात्यातली शिल्लक शाबूत राहते, आणि कार्ड कंपन्यांच्या नियमांत माल न आल्यास व्यवहार उलटवण्याची तरतूद आहे. डेबिट कार्डावरही वाद घालता येतो, पण तोवर तुमचेच पैसे गेलेले असतात. बँकेतून थेट पाठवलेले पैसे तुम्ही स्वतः ढकललेले असतात; ते परत खेचणं फार अवघड. क्रिप्टो आणि गिफ्ट कार्ड तर गेल्यातच जमा. कुठलंही खरं कार्यालय थकबाकी किंवा दंड गिफ्ट कार्डात मागत नाही, कार्डावरचा क्रमांक फोनवर वाचून दाखवायला सांगितला की संभाषण संपवा.

पेपालसारख्या सेवेत विक्रेता ‘मित्र किंवा नातेवाईक म्हणून पाठवा, शुल्क वाचेल’ असं सुचवतो. तसं पाठवलं की खरेदीदाराला मिळणारं संरक्षण जातं. तो शुल्क वाचवत नाहीये, तुमचा परताव्याचा हक्क काढून घेतोय. मोठ्या बाजारपेठेच्या ॲपवर बोलणं सुरू करून ‘पैसे ॲपच्या बाहेर द्या, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याचंही तेच.

हंगाम सुरू होण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन एवढं करून ठेवा: परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंद, ऑनलाइनची दैनंदिन मर्यादा तुमच्या सर्वांत मोठ्या खरेदीएवढीच, आणि प्रत्येक व्यवहाराची सूचना चालू, अगदी छोट्या रकमांचीसुद्धा. चोरलेलं कार्ड चालतंय का हे आधी अगदी छोट्या रकमेने तपासलं जातं. ती सूचना बघितलीत तर मोठा व्यवहार व्हायच्या आत कार्ड थांबवता येतं.

कोरी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉटेल बुकिंगचं विचारायचं राहिलं. बुकिंगच्या खऱ्या ॲपमध्येच, हॉटेलच्या नावाने मेसेज आला की ‘कार्डाची पडताळणी करा, नाहीतर बुकिंग रद्द होईल’, तर? नाव, तारखा सगळं बरोबर असतं.

साधी_रेघ

तोही खोटा असू शकतो. अशा वेळी हॉटेलच्या कर्मचाऱ्याचं लॉगिन चोरलेलं असतं, म्हणून मेसेज खऱ्या ठिकाणी आणि खऱ्या तपशिलांसह येतो. संवादातल्या लिंकवर कार्ड भरायचं नाही. ॲपमध्ये तुमच्या बुकिंगच्या पानावर पैसे भरल्याची स्थिती दिसते, ती बघा, आणि हॉटेलला त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरावर फोन करा.

रात्रपाळी

चौथा प्रश्न. क्रम कुठला हे तुमच्या हातून नेमकं काय गेलं त्यावर ठरतं.

कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी गेला असेल तर बँकेच्या ॲपमधून कार्ड लगेच गोठवा, मग कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन करा. तिथे फक्त ‘कार्ड बंद करा’ म्हणून थांबू नका. ‘हे कार्ड कुठल्या कुठल्या वॉलेटमध्ये आणि उपकरणांवर जोडलेलं आहे ते सांगा, आणि ते सगळे जोड काढा’ असं स्पष्ट म्हणा. दुवा_साधक यांनी वर सांगितलेल्या प्रकारात हे न करता नवं कार्ड घेतलं, तर जुना जोड काही वेळा नव्या कार्डावर आपोआप चालू राहतो.

पासवर्ड गेला असेल तर दुसऱ्या उपकरणावरून बदला, आणि आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका तिथेच येतात. ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हे करा. मग ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन मेल दुसरीकडे पाठवण्याचा नियम किंवा फिल्टर कुणी लावलाय का ते पाहा. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो आणि बँकेचे मेल गुपचूप दुसरीकडे जात राहतात.

बँक खात्यातून पैसे पाठवले गेले असतील तर सेकंदसुद्धा वाया घालवू नका. आपल्या बँकेला कळवा, व्यवहार क्रमांक द्या, समोरचं खातं गोठवण्याची विनंती नोंदवून घ्यायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लगोलग पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार करा. पैसे पहिल्या खात्यातून पुढे सरकले की हाती लागणं झपाट्याने कठीण होतं.

सगळ्यांत किचकट प्रकार म्हणजे एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट फोनवर बसवायची ॲपची फाइल. ‘पार्सल ट्रॅक करण्याचं ॲप’, ‘आमंत्रणपत्रिका’, ‘भेट कूपन’ अशा नावांनी ती अँड्रॉइड फोनवर येते. बसली की एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. ॲक्सेसिबिलिटी दिली म्हणजे ते ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. असं झालं तर विमान मोड लावा आणि वायफाय वेगळं बंद करा, कारण विमान मोडमध्येही ते चालू राहू शकतं. त्या फोनवर बँकेचं ॲप उघडू नका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. मग फोन सेफ मोडमध्ये (नंतर टाकलेली ॲप बंद ठेवून) सुरू करून ते ॲप काढा. काढण्याचं बटण दबत नसेल तर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस ॲडमिनच्या यादीतून त्याची खूण आधी काढावी लागते. त्यानंतरही फोटो आणि संपर्कांची प्रत घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करावा, असंच मी म्हणेन. ॲप दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं खात्रीने सांगता येत नाही.

‘डिलिव्हरीसाठी हा कोड डायल करा’ म्हणून *२१* ने सुरू होणारा नंबर कुणी लावायला लावला असेल तर तुमचे कॉल दुसरीकडे वळवले गेले आहेत, आणि फोनवर सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच जाईल. *#२१# लावून स्थिती बघा, ##००२# लावून सगळं वळवणं रद्द करा. तरी शंका असेल तर मोबाइल कंपनीकडून खात्री करून घ्या. आणि फोनची रेंज अचानक, कारण नसताना पूर्ण गेली आणि बराच वेळ आलीच नाही, तर तुमच्या नंबराचं सिमकार्ड दुसऱ्याने काढलं असण्याची शक्यता धरा. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा.

राग येतो म्हणून तो संवाद पुसू नका. साइटचा पूर्ण पत्ता, मेसेज, नंबर, वेळ, व्यवहार क्रमांक या सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी, ब्लॉक करणं नंतर. आणि काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडं शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. हा त्याच साखळीतला पुढचा माणूस असतो.

ज्येष्ठांसाठी: बँक, पोलीस, कुरिअर, नातवंडं, कुणाच्याही नावाने पैशाचा फोन आला की तो ठेवायचा आणि आपण आपल्याकडच्या जुन्या नंबरावर लावायचा. आवाज ओळखीचा वाटला तरीसुद्धा, कारण थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कल करता येते. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा, आणि तो व्हॉट्सॲपवर न लिहिता समोरासमोर सांगा.

कोरी_पाटी

हे सगळं छापून फ्रिजवर लावते. एक शेवटचं: ट्रॅकिंगमध्ये ‘पोचलं’ दिसतंय, घरी काहीच आलेलं नाही, आणि विक्रेता तोच पुरावा पुढे करतोय. मग कार्डाचा वाद जिंकता येतो का?

पावती_जपा

येतो, पण पुरावा तुम्हाला मिळवावा लागतो. नकली विक्रेते तुमच्याच शहरातल्या भलत्याच पत्त्यावर एखादं हलकं पाकीट पाठवतात. ट्रॅकिंगमध्ये शहर बरोबर दिसतं, ‘पोचलं’ असं येतं. कुरिअरकडे ट्रॅकिंग क्रमांक देऊन लेखी विचारा: हे पार्सल कुठल्या पत्त्यावर, किती वजनाचं, कुणाच्या सहीने दिलं? गोपनीयतेमुळे पूर्ण पत्ता देत नाहीत, पण ‘तुमच्या पत्त्यावर दिलेलं नाही’ एवढं लेखी दिलं किंवा नुसतं वजन सांगितलं तरी पुरतं. मिक्सर मागवला आणि पार्सलचं वजन ५० ग्रॅम, यावर विक्रेत्याकडे उत्तर नसतं.

बँकेचा अर्ज भरताना कारण अचूक निवडा. व्यवहार तुम्ही स्वतः ओटीपी टाकून केलाय, त्यामुळे ‘अनधिकृत व्यवहार’ निवडलं तर तेवढ्यावरच अर्ज नाकारला जाऊ शकतो. ‘माल मिळाला नाही’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण घ्या. सोबत ऑर्डरची पावती, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार आणि कुरिअरचं उत्तर जोडा. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा वादाला साधारण १२० दिवस असतात, पण तुमची बँक त्याआधीची मुदत लावू शकते. ‘थोडं थांबा, पार्सल वाटेत आहे’ असं म्हणत विक्रेता तेच दिवस खातो, म्हणून कबूल केलेली तारीख उलटली की आठवड्याभरात अर्ज टाका.